पाटी काढायची राहिली

दुधाच्या कॅलेंडरवर आता मी अर्ज मोजते.
गवळी जूनपासून बंद केला, पिशवी आणते,
त्यामुळे चौकोन रिकामेच होते.
फुली म्हणजे टाकलेला अर्ज.
गोल म्हणजे कुणीतरी उघडलेला.
गोल आतापर्यंत चार,
त्यातला एक तेजूने खडूने काढलाय.

रेवती इनामदार डिप्लोमाला माझ्या बाकावर होती,
आता हिंजवडीत माणसं निवडते.
म्हणाली, मंगळवारी टाक, दहाच्या आत.
सोमवारी कोणी उघडत नाही, शुक्रवारी कोणी वाचत नाही.
आणि जाहिरात आल्यापासून दोन दिवसांत,
नाहीतर तू सहाशेच्या खाली जातेस,
आणि सहाशेच्या खाली मी पण जात नाही गं.

आईने राहुकाळ टळल्याशिवाय
शिलाई मशीनची सुईसुद्धा बदलली नाही कधी.
मी हसायचे.
आता मंगळवारी पावणेदहाला
कुकरच्या दुसऱ्या नि तिसऱ्या शिट्टीमध्ये
बटणावर बोट धरून उभी असते.

एक जाहिरात मी डोळ्यांदेखत जाताना पाहिली.
दुपारी एक दहाला आली:
क्वालिटी इन्स्पेक्टर, चाकण, अनुभव तीन ते पाच वर्षं.
माझी तीन आहेत. आणि नंतरची चार,
ज्यांना काय म्हणायचं ते ठरेना.
'ब्रेक' लिहिलं. खोडलं. 'गॅप' लिहिलं.
तेवढ्यात तेजूला ताप, तेवढ्यात वीज गेली,
साडेसहाला पाहिलं तर
'आता अर्ज स्वीकारले जात नाहीत.'
पाच तास वीस मिनिटं.
इडलीचं पीठसुद्धा इतक्यात फुगत नाही.

दुसरी एक, वाकडेवाडीची,
तीन महिने जिवंत आहे.
दर सोमवारी न्हाऊन-माखून परत येते: तातडीने हवेत.
तिला मी सात वेळा अर्ज केला.
रेवती म्हणाली, अगं ती जागा नसतेच.
दुकानात पुतळ्याला नेसवलेली साडी
विकायची असते का?

म्हणून काल भोसरीला गेले.
टी ब्लॉकच्या एका गल्लीत
पत्र्यावर लाल रंगात: पाहिजेत,
टर्नर, मिलर, तपासनीस, महिला चा
पुढचं गंजाने खाल्लेलं.

आत शितोळे. चष्मा कपाळावर,
हातांना कटिंग ऑइलचा वास.
ती होय, म्हणाले,
ती भावाने लावली, दोन हजार अकराला.
जागा त्याच आठवड्यात भरली.
पाटी काढायची राहिली.
'वाचून कोणी येतं?'
येतात की. महिन्याला दोघं-तिघं. चहा घेतात.

चहा आला.
टेबलावर व्हर्नियर होता, शेजारी बुशांचा ढीग.
हात सवयीने गेला.
पॉइंट शून्य चार जास्त आहे, म्हटलं.
त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला, पुन्हा मापलं,
दुसरी घेतली, तिसरी घेतली,
बराच वेळ नुसती लेथ बोलत होती.

ताई, दिवाळीनंतर या.
बोनस हातात पडला की दरवर्षी दोघं सोडतात,
भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी.
जाहिरात आम्ही देत नाही.
त्या दिवशी दारात जो असेल त्याला घेतो.

परतताना बस नाशिक फाट्याला अडकली.
फोन थरथरला.
चार मिनिटांपूर्वी. अर्जदार: दोन. बॅटरी सहा टक्के.
नाव भरलं, गाव भरलं,
चार वर्षांच्या चौकटीत या वेळी
'घर, एक मूल, सासऱ्यांचं डायलिसिस' असं सरळ लिहिलं.
शेवटचा प्रश्न: किती दिवसांत रुजू व्हाल?
पर्याय तीन: पंधरा दिवस, एक महिना, तीन महिने.
'आज' नव्हतं.
पंधरा दाबलं. स्क्रीन काळी झाली.
गेला की नाही, अजून कळलेलं नाही.

घरी येऊन पानं उलटली,
भाऊबीजेपासून तीन चौकोन मोजले.
तिथे फुली बसेना, गोलही बसेना,
पेन धरून उभी राहिले.
तेजू खालून म्हणाली,
आई, त्या दिवशी दूध येणारे का?